रुपया झिजतो, किलो झिजत नाही



आवणी आटोपली, श्रावण लागला. कणगीचा तळ दिसायचे हे दिवस. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे येईल, गरवं दिवाळीच्या सुमाराला. तोवर घर चालवायचं ते रेशनवर, मजुरीवर आणि दुकानदाराच्या वहीवर. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे १२ ऑगस्ट २०२५ ला, सरकारचे आकडे आले. जुलै महिन्यात महागाई फक्त १.५५ टक्के, तोवरच्या आठ वर्षांतली सगळ्यात कमी. टीव्हीवर, मोबाईलवर सगळीकडे ही बातमी होती. त्यावर बाया विचारतात, "महागाई कमी झाली म्हणतात, मग आमच्या बाजारात तेल का स्वस्त होत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आकडा खोटा नाही आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते आज समजून घेऊ. मग महागाई गरिबाच्या घरात कुठून शिरते आणि आपल्या गटाच्या हातात काय आहे, तेही बघू.

टोपली कुणाची?

सरकार महागाई मोजतं ती एका टोपलीवरून. घराघरात लागणाऱ्या वस्तूंची एक यादी केलेली असते. त्यात तांदूळ, डाळ, तेल, भाजी असते, तसं घरभाडं, मोबाईल, प्रवास, औषधं, करमणूक हेही असतं. सगळ्या टोपलीची किंमत गेल्या वर्षी याच महिन्यात किती होती आणि आज किती आहे, एवढंच बघतात. गेल्या वर्षी १०० रुपयांना येणारी टोपली आज १०१ रुपये ५५ पैशांना आली, की महागाई १.५५ टक्के.

या हिशोबात दोन गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली, तुलना गेल्या वर्षीशी असते. २०२४ च्या पावसाळ्यात कांदा, बटाटा, टोमॅटो कडाडले होते. तूरडाळही खूप चढली होती. त्या चढलेल्या भावाशी तुलना केली तर जुलै २०२५ मध्ये भाज्या सुमारे २० टक्क्यांनी आणि डाळी सुमारे १४ टक्क्यांनी उतरल्या. हे खरं आहे, आणि चांगलंच आहे. पण त्याच महिन्यात तेल-तूप १९ टक्क्यांनी महाग झालं. आदल्या वर्षी १०० रुपयांना आलेलं तेल तेव्हा ११९ ला. भाजी उतरली आणि तेल चढलं, दोन्ही एकत्र करून सरासरी काढली की आकडा लहान दिसतो. आता श्रावणात आपल्या पाड्यावरची बाई भाजी विकत किती घेते? कुरडू, टाकळा, लोत, कंटोळी रानातून येतात. त्यांना बाजारभाव लागत नाही. तेल आणि मीठ मात्र रानात मिळत नाही. म्हणजे जे स्वस्त झालं ते आपण फारसं घेत नव्हतो, आणि जे महाग झालं ते घेतल्याशिवाय चूल चालत नाही.

दुसरी गोष्ट, टोपली सगळ्या देशाची मिळून एक असते. २०२५ मधल्या त्या टोपलीत खाण्यापिण्याला १०० पैकी सुमारे ४६ भाग दिलेले होते. गावाची टोपली वेगळी मोजली तर ५४ होते, आणि शहराची ३६. मुंबईतल्या घराची टोपली आणि खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावरची टोपली एक नाही, हे त्या हिशोबातही मान्यच आहे. बातमीत मात्र एकच आकडा येतो.

आणखी एक लक्षात ठेवा. महागाई कमी झाली म्हणजे भाव खाली आले, असं दरवेळी नसतं. एसटी घाटात हळू चालली तरी ती वरच चढत असते, तसंच हे. वेग कमी झाला, पण आधी चढलेला घाट काही उतरला नाही.

मोखाड्याच्या बाजारात इंडोनेशिया

तेलाचंच उदाहरण पुढे नेऊ. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचं तेल बरंचसं युक्रेन-रशियाकडून. २०२२ साली तिकडे युद्ध पेटलं. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेल बाहेर पाठवायला काही आठवडे बंदी घातली. तेव्हा तेलाची पिशवी कशी भडकली होती, ते तुम्हाला आठवत असेल. मग सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने बाहेरच्या तेलावरचा कर वाढवला, आपल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. २०२५ च्या मेअखेर कच्च्या तेलावरचा त्यातला काही भाग कमी केला.

म्हणजे आपल्या दुकानातल्या भावात पाऊस असतो, डिझेल असतं, परदेशातलं युद्ध असतं आणि दिल्लीतला निर्णयही असतो. वर आपला घाट. नाशिककडून येवो की भिवंडीकडून, माल गाडीतून घाटाने येतो आणि ते भाडंही आपल्याच पिशवीतून जातं.

गरिबाला जास्त का चावते?

एका मोठ्या सरकारी पाहणीत २०२३-२४ साली असं दिसलं की गावातलं घर १०० रुपये खर्च करतं त्यातले ४७ खाण्यावर जातात, शहरात ४० च्या आसपास. ही सगळ्या घरांची सरासरी. घर जितकं गरीब, तितका खाण्याचा वाटा मोठा. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन माणसाने कामगारांच्या घरांचे हिशोब तपासून १८५७ सालीच हे मांडलं होतं. आजही ते तसंच आहे.

हिशोब करून बघू. समजा एक घर महिन्याला २०,००० रुपये खर्च करतं, त्यातले ६,००० खाण्यावर. दुसरं घर ६,००० खर्च करतं, त्यातले ४,००० खाण्यावर. खाणं १० टक्क्यांनी महागलं. पहिल्या घराला ६०० जास्त लागतील. ते एखादं कापड कमी घेतील, झालं. दुसऱ्या घराला ४०० जास्त लागतील, आणि ते यायचे उरलेल्या २,००० मधून. त्यात औषध आहे, वीजबिल आहे, पोरांचं एसटीभाडं आहे, बियाणं आहे. ते ४०० कुठून काढायचे? मग औषध राहतं, नाहीतर डाळ राहते.

त्यात गरीब बाई वस्तू महाग दरानेच घेते. जिच्या हातात पैसे आहेत ती १५ किलोचा तेलाचा डबा घेते. जिला रोजच्या मजुरीवर भागवायचं ती संध्याकाळी १० रुपयांचं तेल बाटलीत आणते. दोघींच्या तेलाचा किलोचा भाव काढून बघा, १० रुपयांवालीला जास्त पडतो. उधारीवर घेतलं तर आणखी जास्त, आणि भावही विचारता येत नाही. पुडक्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. बिस्किटाचा पुडा अजून ५ रुपयांनाच मिळतो, पण हातात घेतला की हलका लागतो.

किलोत काय मिळतं, रुपयांत काय मिळतं?

आता आजची मुख्य गोष्ट सांगते, ती नीट ऐका. आपल्याला जे काही हक्काने मिळतं, त्यातलं काही किलोत मिळतं आणि काही रुपयांत. महागाई रुपयाला खाते. किलोला ती खाऊ शकत नाही.

रेशन किलोत आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. बाजारात तांदूळ ४० झाला काय आणि ६० झाला काय, आपले ५ किलो ५ किलोच राहतात. २०२२ आणि २०२३ साली धान्याचे भाव चढले तेव्हा गरिबाच्या घराला टेकू दिला तो या किलोंनी.

पण हे धान्य पुरतं किती? समजा घरात पाच माणसं. कष्टाचं काम करणाऱ्या घराला दिवसाला सहज २ किलो धान्य लागतं, महिन्याला ६०. प्राधान्य कार्डावर मिळतं २५, म्हणजे साडेबारा दिवसांचं. अंत्योदयवर ३५, म्हणजे साडेसतरा दिवसांचं. उरलेले दिवस आपल्या कणगीचे, नाहीतर बाजाराचे. आणि या रेशनमध्ये डाळ नाही, तेल नाही. महागाई आता आपल्या घरात शिरते ती याच दोन दारांनी.

आता रुपयांतल्या गोष्टी घ्या. रोजगार हमीचा दर १ एप्रिल २०२५ ला दिवसाला २९७ वरून ३१२ झाला, १५ रुपयांची वाढ. हा दर वर्षातून एकदाच बदलतो, बाजार दर आठवड्याला. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये २०१७ मध्ये ठरले, २०२५ मध्येही तेवढेच होते. २०१७ मध्ये ५,००० रुपयांत जेवढी डाळ, तेल, गूळ येत होतं, तेवढं आज येत नाही. पैसे कमी केले असं कुणी म्हणणार नाही, पण सामान कमी झालंच. लाडक्या बहिणीचे १,५०० जुलै २०२४ मध्ये सुरू झाले, २०२५ मध्येही तेवढेच होते. मिळतात ते चांगलंच आहे, पण आकडा थांबला आणि भाव चालत राहिला की हळूहळू त्यातून पिशवी लहान होत जाते.

अंगणवाडीतल्या जेवणाचंही तेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी आदिवासी भागात २०१५ च्या अखेरीला अमृत आहार योजना आली. एक वेळचं चौरस ताट: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. सुरुवातीला एका ताटाला २२ रुपये धरले होते. त्यात भागेना, म्हणून पुढे दर वाढवून ३५ केला. जेव्हा जेव्हा दर बाजाराच्या मागे पडतो, तेव्हा ताटातून आधी काय जातं? भात जात नाही. अंडं जातं, लाडू लहान होतो, डाळीत पाणी वाढतं.

आधी कुणाचं ताट?

घरातही अगदी असंच होतं. महागाई आली म्हणून आपल्याकडे कुणी एकदम उपाशी झोपत नाही. ती पायरीपायरीने येते. आधी डाळ पातळ होते. मग आठवड्यातले डाळीचे दिवस कमी होतात. मग भात, मीठ आणि चटणी. तेल फोडणीपुरतं, मग तेही नाही. आणि घरात शेवटी जेवणारी कोण, हे काही मी सांगायला नको. भांड्यात उरेल ते तिचं. नाही उरलं तर कोरा चहा पिऊन ती कामाला लागते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आढळलं. ही सगळ्या राज्याची गोष्ट, खात्यापित्या घरांसकट.

आपल्या भागात याची किंमत किती मोठी असते, ते आपण पाहिलं आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त बालकं दगावली. साऱ्या देशाला जव्हारचं नाव तेव्हा कळलं. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. बाळ दगावतं तेव्हा कागदावर न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिलेलं असतं. पण रोगाशी झुंजायची ताकद बाळाच्या अंगात का नव्हती? आई पोटुशी असताना तिच्या ताटात काय होतं? ते कागदावर येत नाही. म्हणून डाळ-तेलाच्या भावाची गोष्ट ही नुसत्या पैशाची गोष्ट नाही.

स्वस्तात विकायचं, महागात घ्यायचं

आपण पिकवतो, तरी महागाई आपल्याला का लागते, हाही प्रश्न येतो. दिवाळीनंतर भात झोडून झालं की दुकानदाराचं देणं उभं राहतं. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो, भाव पडलेला असतो. नागली, वरई, उडीद, तूर, खुरासणी आपण तेव्हा विकतो आणि आखाडात तेच धान्य किंवा तेल विकत आणतो. समजा दिवाळीला ३० रुपयांनी १० किलो नागली दिली, ३०० मिळाले. आखाडात तीच ४५ ने घ्यायला गेलो तर ३०० रुपयांत पावणेसात किलोही येत नाही. सव्वातीन किलो नागली कुठे गेली? कुणी चोरली नाही. आपल्याला थांबायला बळ नव्हतं, म्हणून ती गेली.

नागलीला २०२५-२६ च्या हंगामात सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, म्हणजे किलोला जवळजवळ ४९. नाइलाजाने विकायचीच असेल तर त्या वर्षीचा हमीभाव माहीत असू द्या. आदिवासी विकास महामंडळाचं खरेदी केंद्र कधी उघडणार, याची चौकशी आधीच करा.

गटाने काय करायचं?

देशातले भाव आपण ठरवत नाही. पण पाच गोष्टी गटाच्या हातातल्या आहेत.

एक, आपले किलो मोजून घ्या. रेशनच्या मशीनमधून पावती निघते, ती मागा. पावतीवर जेवढे किलो तेवढेच पिशवीत आहेत का ते बघा. २०२५ मध्ये पावसाआधी जून, जुलै, ऑगस्टचं धान्य एकदम द्यायचं ठरलं होतं. तुमच्या पाड्यात तीनही महिन्यांचं मिळालं का, ते गटात बसून पावत्यांवरून ताडून पाहा. प्राधान्य कार्डावर धान्य नावावर मिळतं, घरावर नाही. लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं बाळ यांची नावं चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. कायद्याप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लागतं. धान्य मिळालं नाही तर १९६७ या नंबरवर फोन करा, किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

दोन, भट्टीवर जाताना रेशन मागे सोडू नका. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर, बांधकामावर जातो. तिथे खर्चीच्या पैशांतून महाग तांदूळ घेतात, आणि इकडे हक्काचं धान्य उचललं जात नाही. आता कार्डाचा नंबर आणि आधारचा अंगठा यांवर भिवंडी-वसईच्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. घरातले काही जण इथे आणि काही तिथे असतील, तर दोन्हीकडे थोडं थोडं उचलता येतं.

तीन, बचत किलोतही करा. महिन्याला १०० रुपये टाकतो तसे दिवाळीला प्रत्येकीने ५ किलो नागली किंवा भात गटाच्या कणगीत टाका. नागलीला लवकर कीड लागत नाही, कडक वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. भातात निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आखाडात जिला लागेल तिने न्यावं, नवं पीक आलं की पाचाचे साडेपाच परत करावेत. सावकाराकडे पाचाचे साडेसात द्यावे लागतात. रुपयातली बचत महागाईने झिजते. कणगीतले पाच किलो आखाडातही पाच किलोच असतात, आणि नेमके तेव्हाच त्यांना जास्त मोल असतं.

चार, तेल आणि डाळ एकत्र घ्या. गटातल्या १५ जणींनी मिळून एक डबा घेतला तर प्रत्येकीला किलो तेल डब्याच्या भावाने पडतं. तूर पीक निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम घेऊन, भरडून ठेवा. बांधावर खुरासणी, तूर, उडीद लावायचं सोडू नका. खुरासणी विकण्याआधी घरापुरतं तेल घाण्यावरून काढून आणा.

पाच, ताट बघा. गटाच्या बैठकीआधी दोघींनी अंगणवाडीत जाऊन अमृत आहाराच्या ताटात काय काय आहे ते बघावं. सेविकाताईंशी भांडायला नको, बऱ्याचदा पैसे उशिरा आले म्हणून त्याच अडचणीत असतात. पण ताटातलं अंडं गायब असेल तर ते ग्रामसभेत बोललं गेलं पाहिजे, दर पुरत नसेल तर तसा ठराव झाला पाहिजे. बायांनी ताटाचा हिशोब मांडला नाही, तर दर पुरत नाही हे वर कळणार कसं? आणि घरातही तसंच. आपली गावठी अंडी बाजारात देऊन त्या पैशांत बिस्किटं आणू नका. आठवड्यात दोन अंडी तरी घरातल्या पोटुशीला आणि लहानग्याला द्या. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसलं तर भांड्यात किती आहे ते सगळ्यांनाच दिसतं. मग वाटाही सगळ्यांचा पडतो, आणि बाईच्या वाट्याला नुसता उरलेला रस्सा येत नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. एका कागदावर दोन रकाने आखा. एका बाजूला आपल्या गटातल्या बायांना किलोत काय काय मिळतं, दुसऱ्या बाजूला रुपयांत काय मिळतं, ते लिहा. समोर लिहा, ते कधी ठरलं आणि तेव्हा त्यात किती तेल, किती डाळ येत होती, आज किती येते. जिला लिहिता येत नाही तिलाही हे सगळं तोंडपाठ असतं, लिहिणारी एक असली की पुरे. हा कागद ग्रामसभेत घेऊन जा. महागाई किती टक्के, हे दिल्लीचा आकडा सांगेल. ती आपल्या ताटात किती उतरली, ते या कागदावरून कळेल.